पाव रत्तीचं पित्त

मराठी घरात लॉकरच्या तळाशी एक पुडी असते. वर पासबुकं, फिक्स डिपॉझिटच्या पावत्या, कुणाच्या तरी मुंजीतली चांदीची वाटी आणि या सगळ्याखाली ती पुडी. कुठल्या तरी पिढीत कुठल्या तरी सुनेच्या कुड्या मोडून पाटल्या केल्या, तेव्हा सोनाराने आधी चिमट्याने खडे उचकटले, सोनं तेवढं तराजूत टाकलं आणि खडे कागदात बांधून परत दिले. "हे तुमचे तुमच्याकडे." घेताना ज्या खड्यांचे वेगळे पैसे लावले होते त्यांना मोडीत भाव नाही, हा सराफीतला नियम आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतो आणि दर वेळी नव्याने लागतो. मग पुडी पुढच्या पिढीकडे जाते. जाताना खड्यांची प्रत सुधारत जाते. सासूने सुनेला 'हिरवे खडे' म्हणून दिलेले सून आपल्या मुलीला 'पाचू' म्हणून देते, आणि नात तेच 'पेशवाई' म्हणून इन्स्टाग्रामवर टाकते.

आमची पुडी आईकडे होती. ती बाहेर यायला कारण झाली माझी भाची. ही मुलगी विरार पश्चिमेला राहते. शिक्षण कॉमर्सचं, नोकरी अंधेरीला. विरार लोकलमध्ये श्वास घ्यायला जागा मिळत नसली तरी विचार करायला वेळ भरपूर मिळतो, आणि त्या वेळात तिने ठरवलं की नोकरी सोडायची आणि घरी बसून हाताने दागिने करायचे. चांदीची तार ओढायला शिकली, झाळकाम शिकली, गॅसच्या छोट्या बत्तीने स्वयंपाकघरातली एक टाइल कायमची काळी केली आणि एके दिवशी जाहीर केलं, "मामा, मी आता काचेचे खडे वापरणार नाही. नॅचरल पाचू. पैलू पाडलेले. दोन एमएम." दोन मिलिमीटर म्हणजे केवढे, हे तिने चिमटीत धरून दाखवलं. चिमटीत काही दिसलं नाही. "हेच," ती म्हणाली.

घरी दागिने करण्याचं आमच्या भागात कुणाला अप्रूप नाही. नालासोपाऱ्याच्या चाळींतून दुपारी एक चक्कर मारा; उंबऱ्याशी बसून इमिटेशनच्या बांगड्यांना खडे चिकटवणाऱ्या बायका दिसतील. डझनावर पैसे, गोंदाचा वास आणि आत चालू असलेली मालिका. वर डहाणूकडे, चिंचणीच्या बाजूला, दागिन्यांच्या साच्यांचा म्हणजे डायचा धंदा घरोघर चालतो. पुढे सोन्यात उमटायची ती नक्षी आधी तिथे पोलादावर कोरली जाते. तेव्हा भाचीने दागिने करायला घेतले याचं कुणाला काही वाटलं नाही. वाटलं ते 'नॅचरल'चं. आमच्याकडे दूध, मध, हापूस आणि बिल्डिंगची ओसी यांच्यातल्या कशालाही कुणी 'एकदम ओरिजिनल' म्हटलं की माणसं दोन पावलं मागे सरतात.

पुडी जेवणाच्या टेबलावर उघडली, तेव्हा घरात जेवढी माणसं होती तेवढ्या परीक्षा निघाल्या. बायको म्हणाली, खरा पाचू पाण्यात टाकला की पाणी हिरवं दिसतं. त्या दिवशीचं टँकरचं पाणी मुळातच किंचित हिरवं असल्यामुळे ही परीक्षा रद्द झाली. मेहुण्याचं म्हणणं पाणी नव्हे, दूध. शेजारच्या आजोबांनी खडा पापणीवर ठेवून गारवा बघायला सांगितलं आणि कुणी पुढे येईना म्हणून स्वतःच्याच पापणीवर ठेवला. ते तसेच डोळे मिटून बसले आणि थोड्या वेळाने घोरायला लागले, त्यामुळे त्यांचा निकाल कळला नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मोबाइलचा टॉर्च लावला. टॉर्च लावला की सोड्याच्या बाटलीची काचही राजघराण्यातली दिसते.

यांच्यापेक्षा अल्-बिरूनी बरा. हजार वर्षांपूर्वीचा हा विद्वान, गझनीच्या महमुदाच्या काळात हिंदुस्थानात आलेला, संस्कृत शिकलेला. पाचू दाखवला की सापाचे डोळे फुटतात, असं तेव्हा भले भले लोक सांगत. याने वाद घातला नाही. साप आणला, त्याच्या अंगाभोवती पाचूंची माळ घातली, डोळ्यांसमोर हलवून पाहिली, आणि हा उद्योग उन्हाळा-हिवाळा धरून नऊ महिने केला. सापाला काही झालं नाही. झालीच असली तर नजर थोडी तेज झाली, असा त्याचा अभिप्राय आहे. रत्नशास्त्रात इतकी सभ्य उलटतपासणी पुन्हा झाली नसावी. नऊ महिने पाचूंची माळ बघावी लागलेल्या त्या सापाच्या मनात काय आलं असेल, ते सराफाच्या दुकानात बायकोशेजारी स्टुलावर बसणाऱ्या नवऱ्यांना सांगायला नको.

तेवढ्यात भाचीने आपलं भिंग काढलं. दहा पट मोठं दाखवणारं, सराफ डोळ्याला लावतात ते. पुडीत चौदा खडे होते. बारा अतिशय सुंदर: नितळ, गडद, एकसारखे. दोन मळकट. आत रेघा, कोपऱ्यात धुरकट काहीतरी. भाचीने एकेक चिमट्याने उचलून पाहिला आणि बारा खडे एका बाजूला सरकवले. "आत गोल गोल बुडबुडे आहेत. पैलूंच्या कडाही झिजल्यात. काच." मग ते दोन घेतले. बराच वेळ फिरवून पाहिले. "हे खरे दिसतायत."

"म्हणजे घाण आहे ते खरे?" आई म्हणाली.

"हो आजी."

"आणि स्वच्छ आहेत ते खोटे?"

"हो."

आईने थोडा विचार केला. "मग गौरीच्या नथीत आपण कुठले बसवले?"

भाची गप्प बसली. गौरीच्या नथीत निवडून निवडून स्वच्छ बसवले होते. इतकी वर्षं दर भाद्रपदात गौर ती नथ घालून तीन दिवस पाहुणचार घेऊन जाते. तिला माहीत असणार, पण माहेरच्या माणसांना काय बोलायचं!

हिऱ्यात डाग सापडला की भाव उतरतो. पाचूत डाग सापडला नाही की पोलिसांना बोलवावंसं वाटतं. याचं कारण पाचूच्या जन्मातच आहे. पाचू म्हणजे बेरिल नावाचं खनिज. शुद्ध बेरिल रंगहीन असतं. त्यात क्रोमियमचा किंवा व्हॅनेडियमचा अंश शिरला तरच ते असं हिरवं होतं. आता अडचण अशी, की बेरिलियम राहतं ग्रॅनाइटच्या गोतावळ्यात, भूकवचाच्या वरच्या अंगाला. क्रोमियमचं घराणं खोलवरच्या काळ्या, जड खडकांतलं. दोघांची गाठ पडायची एरवी सोय नाही. हे जमवलेलं लग्न आहे, आणि ते जमवायला डोंगर सरकावे लागतात, जमिनीला भेगा पडाव्या लागतात, तापलेलं पाणी निरोप घेऊन त्या भेगांतून हिंडावं लागतं. अशा धामधुमीत लागलेल्या लग्नात तडे राहणारच. कोलंबियाच्या चांगल्या पाचूत तर भिंगाखाली एक इवलीशी पोकळी दिसते: तीत खाऱ्या पाण्याचा थेंब, थेंबात वायूचा बुडबुडा आणि शेजारी मिठाचा चौकोनी स्फटिक. नायगावच्या मिठागरात जे पाहायला एकरभर जागा लागते, ते सगळं केसाएवढ्या जागेत. गिऱ्हाईक ते बघून म्हणतं, "आत कचरा आहे हो."

खोट्या पाचूंची चिंताही आजची नाही. पहिल्या शतकात रोममध्ये प्लिनी नावाचा एक गृहस्थ जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींवर ग्रंथ लिहीत बसला होता. बेरिल हिंदुस्थानात होतात, इतरत्र क्वचितच, असं त्याने लिहिलं आहे. पाचू आणि बेरिल एकाच जातीचे असावेत असं पुष्कळांना वाटतं, हेही लिहिलं आहे, आणि ते बरोबर ठरलं. आणि मग तक्रार आहे: हिंदुस्थानातले लोक स्फटिकाला रंग देऊन नकली रत्नं बनवतात, विशेषकरून बेरिल. त्याच शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या पुस्तकात कोकणपट्टीच्या बंदरांत सोपाऱ्याचं नाव आहे. आता या दोन गोष्टी जोडायला काही पुरावा नाही, आणि मी जोडतही नाही. नालासोपारा स्टेशनबाहेर आज 'ओरिजिनल' म्हणून जे जे मिळतं ते पाहता, ही विद्या काही कालपरवाची नसावी, एवढंच माझं म्हणणं.

आपल्या गरुडपुराणाचा हिशेब आणखी वेगळा. बल नावाचा असुर देवांच्या यज्ञात पशू व्हायला कबूल झाला आणि त्याच्या देहापासून रत्नं निर्माण झाली. हाडांचे हिरे, दातांचे मोती, रक्ताचं माणिक, डोळ्यांचा नीलम. पित्त घेऊन वासुकी आकाशातून निघाला होता. वाटेत गरुडाने झडप घातली, गडबडीत पित्त डोंगरावर सांडलं आणि तिथे पाचूची खाण झाली. बाकीच्या रत्नांना कशी रक्तामांसाची घराणी, पाचूच्या वाट्याला पित्त. ज्याने पाचू विकत घ्यायचा प्रयत्न केला आहे त्याला यात काव्य वाटत नाही, निदान वाटतं. कॅरेटचा भाव ऐकल्याबरोबर घशाशी जे येतं ते थेट त्या असुराचंच. आमच्याकडे त्यावर सोलकढी देतात.

'पेशवाई'कडे येतो. आईचं ठाम मत, की ते दोन खरे खडे तिच्या पणजीचे आणि पणजीचे म्हणजे पेशव्यांच्या वेळचे. पण पेशव्यांच्या वेळचे म्हटलं तरी ते निघाले कुठून? गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांना दिली, आणि पुढच्या तीन-चार वर्षांत तिकडे पृथ्वीच्या पाठीवर स्पॅनिश लोकांना कोलंबियातल्या चिवोरच्या पाचूंचा पत्ता लागला. पुढे मुझोच्या खाणी हाती आल्या. १५८० ते १६४० ही साठ वर्षं स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता, त्यामुळे स्पॅनिशांचा माल पोर्तुगिजांच्या गलबतांतून गोव्याला यायला फारशी आडकाठी राहिली नाही. युरोपातल्या राजेलोकांना जेवढं हिरव्याचं वेड नव्हतं तेवढं मोगलांना होतं. आपले सराफ मात्र या जुन्या खड्यांना 'जुन्या खाणीचे' म्हणत राहिले, आणि ती खाण पूर्वेकडेच कुठेतरी हरवली आहे अशी समजूत होती. २००० साली संशोधकांनी अशा खड्यांतल्या ऑक्सिजनवरून त्यांची गावं शोधून काढली. निजामाच्या खजिन्यातले काही पाचूसुद्धा कोलंबियाचे निघाले. म्हणजे पेशवाई नथीतला पाचू खरा असला तर तो बहुधा परदेशी, आणि देशी असला तर बहुधा काच! राजस्थानात कालागुमानला पाचू सापडले ते १९४३ च्या सुमारास. आईची पणजी तोवर थांबणं शक्य नव्हतं.

वसई तेव्हा पोर्तुगिजांच्या उत्तरेकडच्या मुलखाची राजधानी. किल्ल्यात सरदारांचे वाडे, चर्च, मठ, कॉलेज, सगळं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा चर्चच्या घंटा देशावरच्या देवळांत गेल्या. नाशिकचं नारोशंकर, मेणवली, भीमाशंकर; गाइड आजही त्या घंटा दाखवतात. वसईहून आलेला पाचू मला कुठल्याच देवळात कुणी दाखवलेला नाही. घंटा निदान वाजते, म्हणून हिशेबात राहते.

दोन खड्यांत धंदा होत नाही, म्हणून भाची झवेरी बाजारात निघाली आणि मला पिशवी धरायला घेऊन गेली. पाचू जगात कुठेही निघो, कोलंबिया, झांबिया, ब्राझील, त्याचा मोठा हिस्सा घासायला जयपूरला जातो, आणि तिथून निळ्या अस्तराच्या पांढऱ्या कागदात घडी होऊन इकडे येतो. म्हणजे इथेही पुडीच. दलाल सज्जन होता. त्याने पुडी उघडली आणि हातातल्या कागदावर हिरवी भुकटी पसरल्यासारखं वाटलं. "नैसर्गिक उजेडात बघा," तो म्हणाला. झवेरी बाजारात नैसर्गिक उजेड तिसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीत सुमारे वीतभर येतो, आणि तिथे आधीच चार माणसं आपापल्या पुड्या उघडून उभी असतात. त्यांच्या खांद्यावरून आम्ही नंबर लावला.

मोठ्या पाचूंची गोष्ट वेगळी असते. झांबियातल्या कागेम खाणीत मोठा खडा निघाला की त्याचं बारसं करतात. २०१० मध्ये ६,२२५ कॅरेटचा निघाला, त्याचं नाव 'इन्सोफु', म्हणजे हत्ती. २०१८ मध्ये ५,६५५ कॅरेटचा 'इंकलामू', सिंह. २०२१ मध्ये ७,५२५ कॅरेटचा 'चिपेंबेले', गेंडा. आमच्या पुडीतल्या खड्यांना नाव नव्हतं, चाळणीचा नंबर होता. ते खरोखरच चाळून वेगळे करतात: दीडची चाळण, दोनची, अडीचची. दोन मिलिमीटरचे गोल खडे एका कॅरेटला साधारण तीस बसतात, आणि कॅरेट म्हणजे तरी काय, एका ग्रॅमचा पाचवा हिस्सा. पण त्या तीसपैकी प्रत्येकावर कुणीतरी डोळे बारीक करून सोळा-सतरा पैलू पाडलेले असतात. डोंगर सरकले, जमीन फाटली, अर्धी पृथ्वी ओलांडून माल आला, जयपूरच्या कारागिराने सतरा वेळा घासला, आणि अखेर चाळणीतून खाली पडला. दलाल म्हणाला, "खड्याला पाणी चांगलं आहे." विरारच्या माणसाला या वाक्याने जो हेवा वाटतो, तो झवेरी बाजारातल्या माणसाला समजणार नाही.

घरी आल्यावर वजन करायचं ठरलं. भाचीचा काटा एका कॅरेटचा हजारावा भाग दाखवतो, त्यामुळे आधी पंखा बंद करावा लागतो. मे महिना, दुपार, विरार, आणि टेबलाभोवती सात माणसं. बोलायचं नाही, कारण बोललं तर आकडा हलतो. शिंकायचं तर गॅलरीत जायचं. आई मधेच विचारते, "रत्तीत किती झालं?" रत्तीचं सांगायला गेलं तर अर्धा तास जातो, कारण गुंजेची जुनी रत्ती साधारण ०.१२ ग्रॅम, ज्योतिषाच्या दुकानातली ०.१८ च्या आसपास, आणि आईची रत्ती ती ज्या सोनाराला मानते त्याची. शेजारचे आजोबाही आले होते. त्यांनी समजूतदारपणे श्वास रोखून धरला, इतका वेळ की शेवटी त्यांच्यासाठीच पंखा लावावा लागला. दोन खडे कुठे गेले ते अजून कळलेलं नाही.

यानंतर तेलाचं प्रकरण निघालं. पाचूच्या तड्यांत तेल जिरवतात म्हणजे तडे दिसेनासे होतात, हे जगभरचे जोहरी उघड मान्य करतात. परंपरेने देवदाराच्या जातीच्या झाडाचं तेल, बिनरंगी. सांगून विकलं तर त्यात काही पाप नाही. पण जयपुरात हिरवा रंग मिसळलेलंही एक तेल मिळतं आणि त्याचं नाव 'जोबन'. फिकट, उतरलेल्या खड्याला जोबनमध्ये बुडवला की चार दिवसांत वयात येतो. भाचीने हे सांगितल्यावर आईने पहिला प्रश्न केला, "खोबरेल चालेल का?" दुसरा प्रश्न, तो मोठा शहाणा होता, "आणि ते तेल उतरतं कशाने?" उतरतं तेही सगळ्यांनीच. बत्तीच्या आचेने, साबणाच्या गरम पाण्याने, आणि दागिने साफ करायचं जे अल्ट्रासॉनिक यंत्र हल्ली प्रत्येक दुकानात गुरगुरत असतं त्याने तर हमखास. दागिना चकचकीत होऊन बाहेर येतो आणि आतला पाचू आजारातून उठल्यासारखा दिसतो.

खडे बसवायला भाची आधी वसई पूर्वेच्या एका गाळ्यातल्या बंगाली कारागिराकडे गेली. माणूस हुशार, अमेरिकन डायमंड मिनिटाला एक या वेगाने बसवणारा. (हा अमेरिकन डायमंड बाजारात आणला सोव्हिएत रशियाच्या शास्त्रज्ञांनी, १९७०च्या दशकात. पण 'रशियन डायमंड' म्हटलं असतं तर लग्नसराईत कुणी घेतला असता?) त्याने पाचू भिंगाखाली धरला, उलटा केला, आणि भाचीकडे अत्यंत दुःखाने बघत म्हणाला, "दीदी, ये तो पहले से टूटा हुआ है." भाची म्हणाली, हो, तो खरा आहे. तो म्हणाला, "असली है तो मैं हाथ नहीं लगाऊँगा." याच्यापेक्षा खणखणीत सर्टिफिकेट कुठली प्रयोगशाळा देणार? पाचू तसा कठीण, चाकूने ओरखडा उठत नाही; पण आतल्या तड्यांमुळे चांदीचे काटे दाबताना जरा जोर जास्त झाला की सरळ दोन तुकडे. म्हणून मग भाचीने स्वतःच कोंदण करायला घेतलं. पातळ चांदीची भिंत, आत खड्याच्या कंबरेपुरती बैठक, झाळकाम आणि सफाई आधी उरकून घ्यायची, खडा अगदी शेवटी ठेवायचा आणि भिंत चहूबाजूंनी थोडी थोडी आत लवती घ्यायची. एका कुडीला सात खडे, चार कोपऱ्यांना आणि तीन मधे. ही कामं ती रात्री बारानंतर करते, कारण त्या वेळी बिल्डिंगची लिफ्ट हादरत नाही.

दिवाळीच्या आधी वसईत एका हॉलमध्ये प्रदर्शन होतं, तिथे तिने टेबल मांडलं. मी गल्ल्यावर. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला विशेष काम नव्हतं, म्हणून मी गिऱ्हाइकं बघत होतो. पहिल्या बाई कुडी हातात घेऊन म्हणाल्या, "खडे कुठायत?" दाखवले. "एवढेच? माझ्या सातशेच्या सेटला याच्या चौपट आहेत." दुसऱ्या बाईंना सर्टिफिकेट हवं होतं. जयपूरची रत्नपरीक्षण प्रयोगशाळा १९७२ पासून आहे, पण दोन मिलिमीटरच्या एका खड्याचं सर्टिफिकेट काढायचं तर खड्यापेक्षा कागद महाग. भाचीने तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, "मग नुसतं सर्टिफिकेटच द्या ना." तिसरं एक जोडपं आलं. त्यांना ज्योतिषाने पाचू सांगितला होता, बुधासाठी, मुलाच्या दहावीच्या वर्षी: सव्वापाच रत्ती, बुधवारी, उजव्या करंगळीत, आणि संपूर्ण निर्दोष. निर्दोष हा शब्द नवऱ्याने दोनदा उच्चारला. सव्वापाच रत्तीचा निर्दोष पाचू खरा असेल तर त्याच्या किमतीत मुलाला दहावीच काय, परदेशातली पदवी मिळेल, हे भाची त्यांना फार गोड शब्दांत सांगत होती. शेवटी ते समोरच्या टेबलावर गेले. तिथे 'हायड्रो' म्हणून हिरवागार, सुपारीएवढा, निष्कलंक खडा होता, आणि किंमत मुलाच्या क्लासच्या एका हप्त्याएवढी. मुलगा बरोबर होता. त्याच्या चेहऱ्यावर प्रथमच बुध दिसला.

तरी एक जोड खपला. घेणाऱ्या ताई चर्चगेटला नोकरी करणाऱ्या, राहायला विरारला. त्यांनी भिंग मागून घेतलं, एकेक खडा पाहिला, आतल्या रेघा पाहून "किती छान" म्हणाल्या, आणि घासाघीस न करता पैसे दिले. अशी माणसं वसई-विरारमध्ये आहेत, फक्त ती लोकलमध्ये असल्यामुळे दिसत नाहीत.

पुढचं सगळं भाचीला फोनवर कळलं, म्हणजे स्पीकर लावला होता त्यामुळे आम्हालाही. दोन महिन्यांनी संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये, लेडीज डब्यात, मिरा रोड सोडल्यावर त्या ताईंचा हात कानाकडे गेला आणि मधलं एक कोंदण रिकामं लागलं. आपल्याकडे लेडीज डब्यात पडलेली वस्तू ही सार्वजनिक जबाबदारी असते. "काय हरवलं?" "पाचू!" एवढं झाल्याबरोबर तीस-पस्तीस बायकांनी मोबाइलचे टॉर्च लावले. वर उभ्या होत्या त्या खाली वाकल्या, बसल्या होत्या त्यांनी पाय वर घेतले, भाजी निवडत होत्या त्यांनी भाजी थांबवली. भाईंदरच्या खाडीपुलावर गाडी धडधडत असताना शोध चालू होता. नायगाव, वसई, सोपारा. सोपाऱ्याच्या बायका उतरताना आपापल्या चपला झटकून गेल्या. विरार येईपर्यंत ताईंच्या रुमालावर पाच वस्तू जमा झाल्या होत्या: एक हिरवी टिकली, बांगडीच्या काचेचा तुकडा, ओढणीवरची चमकी, कुणाच्या तरी इमिटेशनच्या झुमक्यातला खडा, आणि एक अगदी बारीक हिरवं काहीतरी, ज्याला एका मावशींचं मत मेथी असं पडलं.

गाडी कारशेडला जाणार होती. खाली उतरा, खाली उतरा, म्हणून बाहेरून ओरडा चालू. ताईंनी फोन लावला तो अशा वेळी.

"अगं, यातला आपला कुठला ते कसं ओळखू?"

"सोपं आहे ताई," भाची इकडून म्हणाली, "ज्यात घाण दिसेल तो खरा."

पलीकडे थोडा वेळ फक्त टॉर्चवाल्या बायकांची कुजबुज. मग ताईंचा आवाज आला.

"अगं, विरार लोकलच्या जमिनीवरून उचललंय. सगळ्यातच घाण आहे."

"मग धुऊन बघा," भाची म्हणाली, "पण गरम पाण्याने नको हां. तेल उतरेल."